जोखीम-मूल्यमापन व दहशतवादविरोधी सज्जता : सिरोंचा परिसर

दहशतवादी हल्ल्याची शक्यता, त्या हल्ल्याला बळी पडू शकणारी स्थळे व माणसे आणि हल्ला झालाच तर होणारी हानी या तिहींचा एकत्रित अंदाज घेऊन नगराच्या किंवा प्रदेशाच्या संरक्षणाची व मदतकार्याची आखणी करणे, यास जोखीम-मूल्यमापनावर आधारलेली सज्जता म्हणतात. या शास्त्रात तीन संज्ञा वेगवेगळ्या राखाव्या लागतात. हल्ला करू इच्छिणाऱ्याचा हेतू व त्याचे सामर्थ्य म्हणजे ‘धोका’. एखादे स्थळ वा जनसमूह त्या धोक्यापुढे कितपत उघडा आहे, ही त्याची ‘भेद्यता’. आणि मनुष्यहानी, वित्तहानी व शासनावरील विश्वासाला बसणारा धक्का हा ‘परिणाम’. या तिहींच्या मेळातून ‘जोखीम’ ठरते. तीनपैकी एक जरी शून्याजवळ असला, तरी जोखीम अल्प राहते; म्हणूनच शत्रूचा हेतू बदलता येत नसला, तरी भेद्यता कमी करून किंवा परिणाम सौम्य करून जोखीम घटविता येते. ही विचारपद्धती प्रामुख्याने महानगरांसाठी वाढली. महाराष्ट्राच्या आग्नेय टोकावरील सिरोंचा तालुक्यात मात्र तिची परीक्षा अगदी निराळ्या परिस्थितीत झाली व तेथे तिच्या मर्यादाही अधिक ठळकपणे दिसून आल्या.

महानगरांचा मापदंड : अमेरिकेत २००१ च्या हल्ल्यांनंतर मोठ्या नगरांना सुरक्षेसाठी अनुदान देण्याची योजना २००३ पासून अंमलात आली. अनुदानाची वाटणी कोणत्या निकषावर करावी, हा प्रश्न तेथे लगेच उभा राहिला. नुसत्या लोकसंख्येवर वाटणी करावी, तर महत्त्वाच्या आस्थापनांचा विचार होत नाही. गुप्तवार्तांवर करावी, तर त्या दर महिन्याला बदलतात. रँड या संशोधनसंस्थेने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अनेक संभाव्य परिस्थिती पडताळून पाहता घनतेने भारित केलेली लोकसंख्या हा बऱ्यापैकी स्थिर निर्देशक ठरतो, असा निष्कर्ष काढण्यात आला. मुंबईच्या बाबतीत तो सहज पटतो. १२ मार्च १९९३ चे साखळी बाँबस्फोट, ११ जुलै २००६ चे उपनगरी रेल्वेगाड्यांतील स्फोट आणि २६ नोव्हेंबर २००८ चा समुद्रमार्गे झालेला हल्ला, या तिन्ही वेळी दाट वस्ती, गर्दीची स्थानके आणि जगाचे लक्ष वेधणाऱ्या वास्तू हीच लक्ष्ये होती. २००८ नंतर राम प्रधान समितीने पोलिसांच्या प्रतिसादाची छाननी केली. २००९ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा दलाचे केंद्र मुंबईत आले आणि राज्याने ‘फोर्स वन’ हे पथक उभारले.

हाच निर्देशक गडचिरोली जिल्ह्याला लावला, तर उत्तर जवळजवळ शून्य येते. १४,४१२ चौ. किमी. क्षेत्रफळाच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १०,७२,९४२ होती. म्हणजे दर चौ. किमी.ला अवघी ७४ माणसे. त्यातही भूप्रदेशाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वनाखाली. असे असूनही १९८० नंतरच्या साडेचार दशकांत राज्यातील राजकीय हिंसाचाराचे सर्वांत दीर्घ पर्व याच विरळ वस्तीच्या भागात घडले. येथे लक्ष्य गर्दी नव्हते. रानातला रस्ता, त्यावरची मोरी, एकाकी ठाणे आणि गावातला एखादा पोलीस पाटील ही येथील लक्ष्ये होती.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. नक्षलवादी चळवळ ही सशस्त्र बंडाळी मानावी की दहशतवाद, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कायद्याच्या दृष्टीने पाहता, भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) ही संघटना जून २००९ पासून बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यान्वये दहशतवादी संघटनांच्या सूचीत आहे. प्रस्तुत नोंदीपुरते एवढे पुरेसे आहे की, निःशस्त्र माणसाला ठार करून इतरांच्या मनात धाक बसविण्याचे तंत्र या भागात दीर्घकाळ वापरले गेले आणि सज्जतेची आखणी त्या तंत्राला अनुलक्षून करावी लागली.

भूप्रदेश व पूर्वपीठिका : सिरोंचा हे तालुक्याचे ठिकाण प्राणहितेच्या डाव्या तीरावर, गोदावरीशी होणाऱ्या तिच्या संगमाजवळ वसले आहे. संगमापलीकडे तेलंगणातील काळेश्वर. आणखी पूर्वेस सोमनूरजवळ इंद्रावती गोदावरीला मिळते व तिच्या पलीकडे छत्तीसगढचा बस्तर विभाग सुरू होतो. तालुक्याच्या दोन बाजूंना अशी नद्यांची सीमा आहे, तर उरलेल्या बाजूंना अहेरी-भामरागडचे साग व बांबूचे अरण्य. गडचिरोली हे जिल्ह्याचे ठिकाण रस्त्याने दोनशे किमी.हून अधिक दूर. तालुक्यात तेलुगू बोलणाऱ्यांची संख्या मोठी असून माडिया व गोंड या आदिवासी जमातींची वस्ती आतल्या गावांत आहे. नातीगोती व बाजारहाट यांच्या दृष्टीने येथील माणसाला चंद्रपूरपेक्षा मंचेरियल व करीमनगर जवळचे वाटावे, यात नवल नाही.

सीमावर्ती असणे हा सिरोंचाचा जुना स्थायीभाव आहे. गोदावरीच्या डाव्या तीरावरील हा प्रदेश १८६० मध्ये निजामाकडून ब्रिटिशांकडे आला व सिरोंचा हे अपर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. गोदावरी जहाजवाहतुकीस योग्य करण्याची आर्थर कॉटन यांची भव्य योजना याच काळातील. ती १८७१ मध्ये सोडून देण्यात आली आणि १८७४ च्या फेररचनेत सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडले गेले. मुख्य ठाण्याचे तालुक्याच्या गावात रूपांतर झाले व राज्यकर्त्यांचे लक्ष उडाले, ते पुढे शंभर वर्षे.

त्याच्या थोडे आधी, १८५८ मध्ये, मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी चांदा जिल्ह्यात उठाव केला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथील तारखात्याच्या छावणीवर हल्ला होऊन दोन इंग्रज कर्मचारी ठार झाले. बाबुरावांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास फाशी देण्यात आली. या लढ्याची आजच्या हिंसाचाराशी तुलना करणे अनैतिहासिक होय. लोकमानसात बाबुराव हे हुतात्मे आहेत व तसेच राहतील. परंतु भूगोलाचा धडा त्यातून मिळतो : या प्रदेशात सत्तेचा सर्वांत भेद्य अवयव म्हणजे तिचे दळणवळण. तेव्हा ती तारेची छावणी होती, पुढे ती पोलिसांची जीप झाली.

१९८० : आरंभीचा चुकलेला अंदाज : तेलंगणातील करीमनगर जिल्ह्यात १९७८ मध्ये शेतमजुरांच्या चळवळीला उग्र रूप आले व जगतियाल, सिरसिल्ला हे तालुके अशांत प्रदेश म्हणून घोषित झाले. तेथे पोलिसांचा दबाव वाढताच, चळवळीला पाठीशी घालील असे वनक्षेत्र शोधणे नेत्यांना भाग पडले. कोंडापल्ली सीतारामय्या यांनी २२ एप्रिल १९८० रोजी पीपल्स वॉर या गटाची स्थापना केली आणि त्याच वर्षी त्याची छोटी सशस्त्र पथके, म्हणजे ‘दलम’, गोदावरी-प्राणहिता ओलांडून गडचिरोली व बस्तरच्या जंगलांत शिरली. नोव्हेंबर १९८० मध्ये सिरोंचा तालुक्यातील मोयाबिनपेटा येथे पेद्दी शंकर हा त्यांचा कार्यकर्ता पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. महाराष्ट्रातील या संघर्षाची ही पहिली ठळक नोंद होय.

या घटनेचे मूल्यमापन कसे झाले? शासनाने ती आंध्रातून आलेली, बाहेरची व म्हणून तात्पुरती बाब मानली, असे पुढील काही वर्षांतील संथ उपाययोजनांवरून दिसते. धोक्याचा उगम बाहेरचा होता, हे खरेच. पण भेद्यता घरची होती, हे लक्षात घेतले गेले नाही. तेंदूपाने तोडण्याची व बांबूकटाईची मजुरी फार कमी होती. राज्याने १९६९ च्या कायद्याने वनोपजाचा व्यापार नियंत्रणाखाली घेतला होता, तरी पुड्याचा भाव ठेकेदार व त्याचा मुनीम ठरवी. वनरक्षक व तलाठी हे शासनाचे एकमेव दृश्य रूप होते आणि ते रूप प्रेमळ नव्हते. दलमने पहिला हात घातला तो याच प्रश्नाला. तेंदूची मजुरी वाढली, ती त्यांच्या दबावाने वाढली असा अनुभव गावोगाव आला आणि त्यातून मिळालेल्या आश्रयाची किंमत पुढच्या पिढीने मोजली. फेब्रुवारी १९८४ मध्ये अहेरी तालुक्यातील कमलापूर येथे योजलेली आदिवासी किसानांची परिषद पोलिसांनी होऊ दिली नाही. बंदी हा सज्जतेचा सोपा प्रकार असला, तरी तिच्यामुळे उघड सभेचा मार्ग बंद झाला व बंदुकीचा तेवढा उरला, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. ते सर्वस्वी पटले नाही तरी दुर्लक्षिण्याजोगे नाही.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. हे पाऊल सुरक्षेपुरते मर्यादित नव्हते. तरी भेद्यता घटविणारा पहिला खरा उपाय म्हणून त्याकडे पाहता येते. जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक जवळ आले. सिरोंचापासून मात्र अद्याप दूरच राहिले. पुढे अहेरी येथे पोलिसांचे ‘प्राणहिता’ हे उपमुख्यालय झाले आणि सिरोंचाचा पल्ला निम्म्यावर आला.

घटनांची मोजणी व तिचे दोष : कोणत्या भागात किती बळ ठेवावे, हे ठरविण्यासाठी पोलीसयंत्रणेने वापरलेला मुख्य मापदंड म्हणजे घटनांची नोंद : खून, चकमकी, जाळपोळ, स्फोट, पत्रके. मोजण्यास सुलभ असल्याने हा मापदंड टिकून राहिला. त्याचे दोष मात्र सिरोंचा, एटापल्ली, भामरागड या तालुक्यांत वारंवार उघडे पडले.

पहिला दोष असा की, जेथे ठाणे नाही तेथे नोंद नाही. इंद्रावतीकाठच्या किंवा झिंगानूरच्या आतल्या गावात वर्षभर एकही घटना नोंदली गेली नाही, याचा अर्थ तेथे शांतता आहे असाही होतो व तेथे दलमची निर्वेध सत्ता आहे असाही होतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. दुसरा दोष याच्या उलट आहे. नवे ठाणे उघडले, गस्त वाढली, की चकमकी वाढतात. त्या वर्षीचा आकडा फुगतो व सज्जता वाढली असताना परिस्थिती बिघडली असे भासते. तिसरा दोष सर्वांत गंभीर. पूर वा भूकंप आपल्या उपायांकडे पाहून चाल बदलीत नाही. सशस्त्र विरोधक बदलतो. एका रस्त्यावर बंदोबस्त ठेवला, की तो दुसरा रस्ता धरतो. प्रतिसादाची ठरीव पद्धत लक्षात आली, की त्या पद्धतीवरच सापळा रचतो.

या तिसऱ्या दोषाचे दारुण उदाहरण जिल्ह्याच्या उत्तर भागातील आहे. ३० एप्रिल व १ मे २०१९ च्या दरम्यानच्या रात्री कुरखेडा तालुक्यात दादापूर येथे रस्त्याच्या कामावरील वाहने जाळण्यात आली. दुसऱ्या दिवशी, महाराष्ट्रदिनीच, तिकडे निघालेल्या शीघ्र कृती पथकाचे खासगी वाहन जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडविण्यात आले. १५ पोलीस व वाहनाचा चालक असे १६ जण मृत्यू पावले. जाळपोळ हे आमिष होते. पोलीस येणार, तातडीने येणार आणि वाहनाने येणार, हे हल्लेखोरांनी आधीच गृहीत धरले होते. सुरुंगप्रवण रस्त्यावर वाहनाने जाऊ नये, रस्ता तपासणारी तुकडी पुढे पायी पाठवावी, हे नियम तोवर जुने झाले होते. नियम कागदावर असणे व घाईच्या घटकेला तो पाळला जाणे, या दोहोंतील अंतर कोणत्याही कोष्टकात मावत नाही.

पायी चालणारे दल : सुरुंगाच्या धोक्यावरचा परिणामकारक उपाय यांत्रिक नव्हता. सुरुंगरोधक वाहने आली. त्यांचा उपयोगही झाला. पण स्फोटकाचे प्रमाण वाढविले की तीही उलटतात, हे मध्य भारतात अनेकदा अनुभवास आले. खरा बदल झाला तो चालण्याने. १९९० मध्ये गडचिरोलीचे तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांच्या पुढाकाराने साठ जवानांचे एक खास पथक उभारण्यात आले व त्याच संख्येवरून त्याला ‘सी-६०’ हे नाव पडले. आंध्र प्रदेशाने १९८९ मध्ये ‘ग्रेहाउंड्स’ हे दल स्थापन केले होते. जंगलयुद्धाचे विशेष शिक्षण घेतलेले छोटे पथक ही कल्पना दोन्हीकडे समान. मात्र सी-६० चे वैशिष्ट्य स्थानिक भरतीत होते. जवान जिल्ह्यातीलच, अनेक आदिवासी समाजातील. त्यांना माडिया-गोंडी येते, पायवाटा ठाऊक असतात. पथके आपापल्या नायकाच्या नावाने ओळखली जातात. १९९४ मध्ये दक्षिण भागासाठी प्राणहिता येथे दुसरी शाखा झाली आणि सिरोंचा तिच्या आवाक्यात आले.

जोखीमशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर या दलाने एकाच वेळी दोन गोष्टी साधल्या : वाहन सोडल्याने भेद्यता घटली व भाषेमुळे धोक्याची माहिती सुधारली. याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. स्थानिक जवानाचे कुटुंब गावातच राहते. त्याने गणवेश चढविला, की त्याच्या घराची भेद्यता वाढते. अनेक कुटुंबांना गाव सोडून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन राहावे लागले. दलाची जोखीम कमी करताना ती अंशतः घराकडे सरकली.

२००९ हे वर्ष पोलिसांना सर्वांत भारी गेले. १ फेब्रुवारीस मरकेगाव येथे १५, २१ मे रोजी हत्तीगोटा येथे पाच महिलांसह १६ आणि ८ ऑक्टोबरला विधानसभेच्या मतदानापूर्वी लाहेरी येथे १७ पोलीस मारले गेले. निवडणुकीच्या सज्जतेत त्यानंतर अधिक काटेकोरपणा आला. या भागातील मतदान दुपारी तीन वाजता संपविणे, मतदान पथके हेलिकॉप्टरने नेणे, अतिदुर्गम केंद्रे ठाण्याजवळ हलविणे या प्रथांमागे जोखमीचा हिशेबच आहे. केंद्र हलविल्याने मतदाराला दहा-बारा किमी. चालावे लागते, ही त्या हिशेबातील वजाबाकी. सिरोंचा, अहेरीतील मतदार तरीही चालत येतात, हे विशेष.

निःशस्त्र माणसाची जोखीम : सज्जतेची चर्चा बहुधा दले, ठाणी व रस्ते यांच्याभोवती फिरते. गडचिरोलीत १९८० नंतर नक्षलवाद्यांकडून मारल्या गेलेल्यांत मात्र पोलिसांपेक्षा सामान्य नागरिकांची संख्या कितीतरी अधिक आहे. त्यांतील बहुतेकांवर ‘खबऱ्या’ असल्याचा आरोप ठेवण्यात आला. सरपंच, पोलीस पाटील, ठेकेदाराचा दिवाणजी, पोलिसांना पाणी पाजणारा दुकानदार, असे कोणीही त्या शब्दाच्या कक्षेत येई. राजकीय पुढारीही सुटले नाहीत. १९९१ मध्ये या भागातील नेते धर्मरावबाबा आत्राम यांचे अपहरण झाले होते. दुसऱ्या बाजूने, दलमला जेवण दिले म्हणून पोलिसांच्या चौकशीला तोंड देणारा गावकरीही तोच. १९८५ व १९८७ च्या दहशतवादी कारवाया प्रतिबंधक कायद्यांचा वापर या जिल्ह्यात आदिवासींविरुद्ध मोठ्या प्रमाणावर झाला, याबद्दल त्या काळी बरीच टीका झाली. तो कायदा १९९५ मध्ये संपुष्टात आला. रात्री दाराशी आलेल्या बंदूकधाऱ्याला ताट वाढायचे की नाही, हा त्या घरातील जोखीम-मूल्यमापनाचा प्रश्न होता आणि त्याचे निर्धोक उत्तर नव्हते.

राज्याने २००३ मध्ये ‘गावबंदी’ योजना सुरू केली. नक्षलवाद्यांना गावात थारा देणार नाही असा ठराव ग्रामसभेने केला, की त्या गावाला विकासनिधी मिळे. शेकडो गावांनी ठराव केले. योजनेचे नैतिक बळ मोठे होते, यात शंका नाही. परंतु ठाण्यापासून दूरच्या गावाने असा ठराव करणे म्हणजे स्वतःचे नाव फलकावर लिहून ठेवणे. तेथे निधी लगेच पोहोचतो, संरक्षण पोहोचतेच असे नाही. या लेखकाच्या मते योजनेच्या आखणीत गावाची भेद्यता हा घटक पुरेसा विचारात घेतला गेला नाही आणि ठरावांची संख्या हेच यश मानण्याकडे कल राहिला. ऑगस्ट २००५ मध्ये सुरू झालेली आत्मसमर्पण योजना त्या मानाने अधिक फलदायी ठरली. तीत जोखीम पत्करणारा माणूस स्वतः निर्णय घेतो व त्यानंतर संरक्षणाखाली राहतो.

इंद्रावतीपलीकडे २००५ मध्ये याहून फार वेगळा प्रयोग झाला. ‘सलवा जुडूम’ या मोहिमेत गावकऱ्यांनाच शस्त्रे देऊन उभे करण्यात आले. गावे ओस पडली, हजारो लोक छावण्यांत किंवा शेजारच्या राज्यात गेले. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ च्या निर्णयात विशेष पोलीस अधिकारी म्हणून आदिवासी तरुणांचा असा सशस्त्र वापर घटनाबाह्य ठरविला. महाराष्ट्राने तो मार्ग धरला नाही. सिरोंचाच्या बाजूची गावे हिंसाचारातही वसलेली राहिली, त्याचे एक कारण हे आहे.

केंद्राची वर्गवारी : नक्षलग्रस्त जिल्ह्यांतील सुरक्षाविषयक खर्चाची भरपाई करण्याची केंद्रीय योजना १९९६ पासून आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये गृहमंत्रालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला. भक्कम पोलीस ठाणी व रस्तेबांधणी यांच्या योजना २००९-१० पासून आल्या. योजनेखालील जिल्ह्यांची संख्या एप्रिल २०१८ मध्ये १२६ वरून ९० वर, २०२१ मध्ये ७० वर, २०२४ मध्ये ३८ वर व एप्रिल २०२५ मध्ये १८ वर आली. २०२१ च्या सूचीत महाराष्ट्राचे गडचिरोली व गोंदिया हे दोनच जिल्हे होते. एप्रिल २०२५ मध्ये देशातील ‘सर्वाधिक बाधित’ सहा जिल्ह्यांत गडचिरोलीचा समावेश होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हा गट तिहींवर आला, ते तिन्ही छत्तीसगढचे.

मध्यंतरी बरेच घडले होते. एप्रिल २०१८ मध्ये भामरागड तालुक्यातील कसनासूर-बोरिया परिसरातील व लगोलग अहेरी तालुक्यातील कारवाईत मिळून ४० जण ठार झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोला येथील चकमकीत मिलिंद तेलतुंबडे मारला गेला. वांगेतुरी (२०२३) व गर्देवाडा (२०२४) येथे एकेका दिवसात पोलीस मदत केंद्रे उभी करण्यात आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. १९८० मध्ये गोदावरी ओलांडून आलेल्या तेलंगणी नेतृत्वाच्या पिढीतला तो महत्त्वाचा नेता होता.

वर्गवारीचा एक आर्थिक परिणाम सहसा बोलला जात नाही. जिल्हा सूचीतून वगळला, की विशेष निधी आटतो. म्हणून जोखीम कमी झाल्याचे मान्य करण्यास स्थानिक यंत्रणा नाखूश असते व ती फार लवकर कमी झाल्याचे जाहीर करण्यास वरिष्ठ यंत्रणा उत्सुक असते. अमेरिकेतील नगरांच्या अनुदानाबाबतही हीच ओढाताण दिसते. शिवाय जिल्हा हे एकक सिरोंचासारख्या तालुक्याला फार मोठे आहे. देसाईगंजच्या बाजारपेठेला व झिंगानूरच्या पहाडी गावांना एकच श्रेणी लावल्याने दोहोंचेही खरे चित्र मिळत नाही.

पूल व सीमा : सिरोंचाची भेद्यता सर्वांत अधिक बदलली ती पुलांमुळे. पूर्वी नावेखेरीज पलीकडे जाता येत नसे. पावसाळ्यात तर चारी वाटा बंद. २०१० नंतरच्या दशकात प्राणहिता, गोदावरी व पुढे पातागुडमजवळ इंद्रावती अशा तिन्ही नद्यांवर पूल झाले आणि निजामाबाद-जगदलपूर राष्ट्रीय महामार्ग सिरोंचावरून अखंड जाऊ लागला. पूल हे हल्ल्याचे नवे लक्ष्य ठरेल, अशी साधार भीती होती. काम चालू असताना कडक पहारा ठेवावा लागला. झाले असे, की पुलाने पोलिसांची वाट जेवढी जवळ केली, त्याहून अधिक रुग्ण, विद्यार्थी व मिरची-कापसाचा शेतकरी यांची केली. वारंगळचे रुग्णालय काही तासांवर आले. हल्ल्यातील जखमी असो की सर्पदंशाचा रोगी, परिणाम सौम्य करणारा उपाय एकच : वेळेत मिळालेला डॉक्टर.

तीन राज्यांच्या सीमेमुळे माहितीची देवाणघेवाण हा सज्जतेचा गाभा ठरतो. मार्च २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, तेलंगणातून प्राणहिता ओलांडून काही नक्षलवादी आल्याची वार्ता मिळाली आणि १९ मार्च रोजी रेपनपल्लीजवळच्या कोलामार्का डोंगरांत झालेल्या चकमकीत चौघे मारले गेले. १९८० ची वाट तीच होती. वार्ता पोहोचण्याचा वेग बदलला होता.

धरणाचा धडा : गोदावरीवरील मेडिगड्डा बंधारा सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्ली व तेलंगणातील मेडिगड्डा यांच्या दरम्यान असून जून २०१९ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. २१ ऑक्टोबर २०२३ च्या सायंकाळी मोठा आवाज होऊन त्याच्या सातव्या विभागातील खांब खचले. परिसराचा इतिहास पाहता पहिली शंका घातपाताची आली. तेलंगणात तशी तक्रार दाखल होऊन पोलिसांनी तपासही केला. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या तज्ज्ञांनी मात्र नियोजन, आराखडा, बांधकामाची गुणवत्ता व देखभाल यांतील उणिवांकडे बोट दाखविले. चाळीस वर्षे सुरुंगाचा कानोसा घेतलेल्या प्रदेशात स्फोटाची शंका येणे स्वाभाविक होते. परंतु एका धोक्याची सवय जडली, की इतर धोके त्याच्याच रूपात दिसू लागतात.

पुराचा प्रश्न याहून जुना. ऑगस्ट १९८६ चा गोदावरीचा महापूर वयस्कांच्या स्मरणात आहे. जुलै २०२२ मध्ये पुन्हा नदीकाठची गावे रिकामी करावी लागली. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार पुराचे मूल्यमापन जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरण करते. नक्षलवादी हिंसाचाराचे पोलीस अधीक्षक. दोन्ही आराखड्यांत रस्ता तोच, हेलिकॉप्टर तेच, रुग्णालय तेच आणि असरअल्ली, अंकिसा, बामणी ही गावेही तीच. बंधाऱ्याची दारे किती व केव्हा उघडणार, ही वार्ता तेलंगणातून येते; दलम नदी उतरला की नाही, हीही. दोन्ही वार्ता वेगवेगळ्या कार्यालयांत जातात.